शाळेचं पहिलं वर्ष : मणी-ठोकळ्यांच्या खोक्यासोबतचं माहितीपत्रक

"आज शाळेत काय शिकवलं?"
"काही नाही. खेळलो."

आमच्याकडे येणारे कितीतरी पालक हा संवाद काळजीनेच सांगतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग लिहायला कधी लागणार? आम्ही लाकडी मणी आणि ठोकळे बनवतो. त्यांच्याशी खेळताना मूल काय शिकतं, हे सांगणं आम्ही आमचं कामच समजतो.

आधी मोजणं. चार वर्षांचं मूल एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवतं. त्याच्यासमोर पाच मणी ठेवा आणि मोजायला सांगा. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं. एक मणी दोनदा मोजला जातो, एखादा सुटतो. हळूहळू बोट आणि शब्द जुळतात : एक मणी, एक आकडा. तरीही "मग किती आहेत?" असं विचारलं की "पाच" असं उत्तर येत नाही, मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतं. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. पुढची सगळी बेरीज-वजाबाकी या उमगण्यावर उभी राहते. पाठ केलेल्या शंभरापेक्षा समजलेले पाच आम्हाला मोलाचे वाटतात.

तेच पाच मणी लांब-लांब मांडले, तर "आता जास्त झाले" असं मूल ठामपणे सांगेल. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांचा हाच विचार बारकाईने अभ्यासला होता. अशा वेळी "चूक!" म्हणू नका. मणी पुन्हा जवळ आणायला त्याच्याच हातात द्या.

आता लिहिण्याविषयी. अक्षर कागदावर बोटं काढतात, पण तयारी खांद्यापासून होते. खांदा आणि कोपर स्थिर झाले की मनगट मोकळं होतं आणि मग बोटं बारीक काम करू लागतात. सुरुवातीला मूल खडू मुठीत धरतं. अंगठा आणि दोन बोटांची पकड नंतर येते. मणी ओवताना एका हाताने मणी धरायचा, दुसऱ्याने दोरी भोकातून काढायची आणि मग हात बदलून ओढायची. पेन्सिल पेलण्याची ही उत्तम मशागत आहे. अक्षरं उलटी पडली तर घाबरू नका. ३ आणि ६ तर एकमेकांकडे पाठ फिरवूनच उभे असतात. या वयात त्यांची अदलाबदल होणारच.

वाचनाची सुरुवात कानाने होते. 'हत्ती' म्हणताना दोन टाळ्या, 'कमळ' म्हणताना तीन. शब्दाचे असे तुकडे ऐकू येऊ लागले की पुढे अक्षराला आवाज जोडणं सोपं जातं.

आणि आई-बाबांना सोडून थांबणं, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणं, "मला दे ना" असं शब्दांत मागणं, हेही याच वर्षाचं शिक्षण आहे. त्याची वही नसते, म्हणून ते घरी दिसत नाही.

ठोकळ्यांची परंपरा जुनी आहे. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. त्यांच्या साहित्यात ८ छोट्या घनांचा मिळून झालेला एक लाकडी घन होता. सुटा करायचा, पुन्हा जुळवायचा. अख्खं आणि भाग ही कल्पना यात हातालाच कळते.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत, तीही मुलाला हवीशी वाटली तर. शेजारी बसा आणि मनोरा ढासळला तरी लगेच हात घालू नका. "आज काय शिकलास?" याऐवजी "आज काय बांधलंस?" असं विचारून पाहा, उत्तर मोठं येतं.

मणी ३ वर्षांखालच्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. ते घशात अडकू शकतात. ओवणं झालं की दोरी गुंडाळून वर ठेवा. तडकलेला मणी किंवा ठोकळा लगेच बाजूला काढा.