अंतराळातून आलेलं टोमॅटोचं बी

माझ्या मावशीची कोथरूडला गच्चीवर बाग आहे. जूनच्या सुरुवातीला तिनं मला बोलावून एक चकचकीत पाकीट हातात दिलं. आत टोमॅटोच्या दहा बिया. वर लिहिलं होतं, 'अंतराळातल्या वैश्विक ऊर्जेनं भारलेलं बियाणं'. किंमत साध्या पाकिटाच्या वीसपट. "अरे, हे लावू का? खाल्लं तर चालेल ना?" मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणि बियांना असं मुद्दाम बिघडवणं बरोबर आहे का रे?"

पहिल्या दोन्ही प्रश्नांना 'हो' म्हणून झालं. तिसरा मात्र डोक्यातून जाईना.

आधी ती 'वैश्विक ऊर्जा' बाजूला काढू. आपल्याकडे मृगावर पेरणी करतात. त्याला अर्थ आहे, कारण पावसाची नक्षत्रं सूर्यावर मोजलेली असतात. सूर्य दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास मृगात येतो आणि पाऊसही त्याच दिवसांत आपल्याकडे येऊ लागतो. ते शेतकऱ्याचं कॅलेंडर आहे. ग्रहताऱ्यांची ऊर्जा बियांत शिरून पीक जोमानं येतं, हे मात्र शुद्ध थापेबाजीचं वाक्य आहे, आणि असली पाकिटं त्याच जोरावर वीसपट किमतीला विकली जातात.

अंतराळात बियांवर खरोखर काय आदळतं? आकाशगंगेतून येणाऱ्या वैश्विक किरणांत सुमारे ८५ टक्के प्रोटॉन असतात, १२ टक्क्यांच्या आसपास हेलियमची केंद्रकं (अणूंचे गाभे), थोडे इलेक्ट्रॉन आणि जेमतेम एक टक्का जड केंद्रकं, म्हणजे कार्बन, ऑक्सिजन, लोखंड वगैरे. माझा सगळा जीव या एक टक्क्यात अडकलेला आहे.

विद्युतभारित कण पदार्थातून जाताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो. ही मोडतोड विद्युतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लोखंडाच्या केंद्रकात २६ प्रोटॉन असतात. म्हणजे तेवढ्याच वेगाच्या एकट्या प्रोटॉनपेक्षा ते २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ पट मोडतोड करतं, आणि तीही एका बारीक रेषेत. क्ष-किरणांसारख्याच पण जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांचा मारा रिमझिम पावसासारखा सगळीकडे विखुरलेला असतो. जड केंद्रक नांगराच्या फाळासारखं तास काढत जातं. त्या तासात डीएनए सापडला तर काय होईल?

डीएनए ही दोन पदरी सुतळी समजा. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्या पदरावर पाहून तो जसाच्या तसा भरून काढते. हे काम पेशीत रोजच चालू असतं. दोन्ही पदर एकमेकांजवळ तुटले तर मात्र पाहायला नमुना सहसा उरत नाही. मग पेशी तुटकी टोकं थोडी तासते आणि जमेल तशी जोडते. त्यात डीएनएच्या मजकुरातली कधी दोनचार अक्षरं गळतात, कधी हजारो, कधी तुकडा उलटा बसतो. अशा चुकलेल्या जोडणीतून होतं ते उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएतला कायमचा बदल. किरण मुख्यतः तोडतात. नवी अक्षररचना तयार होते ती बहुतेक पेशीच्या दुरुस्तीत.

आणि आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. कोरडं बी जवळजवळ झोपलेलं असतं. पाणी नसल्यामुळे दुरुस्ती करणारी एन्झाइमं कामाला लागू शकत नाहीत. त्यामुळे अंतराळात पाच महिने राहिलेल्या बियांत जे जे तुटलं, ते तसंच साठून राहतं. पेरल्यावर बी पाणी पितं, फुगतं आणि पहिल्या काही तासांत हा सगळा थकलेला हिशेब एकदम चुकता करायला बसतं. म्हणजे घाव चारशे किलोमीटर उंचीवर बसलेला असला तरी उत्परिवर्तन पक्कं होतं ते मावशीच्या कुंडीत.

पण ते लगेच दिसत नाही. बियांतल्या अंकुरात अनेक पेशी असतात. त्यातल्या एकीत बदल झाला तर पहिल्या पिढीच्या रोपाची एखादी फांदीच काय ती वेगळी होते. त्यातही टोमॅटोकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. म्हणून त्या फांदीच्या फळातलं बी पुन्हा पेरायचं. बदल अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रतींत असल्याशिवाय न दिसणारा, असेल तर त्या दुसऱ्या पिढीत साधारण चारातल्या एका रोपावर तो दिसतो. गव्हात तर जनुकांचे तीन संच असल्यामुळे बदल आणखी खोल दडतो. यामुळे नवी वाणं घडवणारे पैदासकार हजारो रोपं लावतात, बहुतेक उपटून टाकतात, निवडलेली पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात आणि आठदहा वर्षांनी एखादं वाण हाती लागतं. दहा बियांच्या पाकिटात 'सुधारित' वाण मिळण्याची शक्यता किती, हे यावरून ओळखा.

शिवाय मात्रेचा प्रश्न आहे. अंतराळ स्थानकात सहा महिन्यांत मिळणाऱ्या किरणांपेक्षा प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० हा गॅमा किरण सोडणारा पदार्थ वापरून हजारो पट जास्त मात्रा काही मिनिटांत वा तासांत देता येते. हे काम आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कित्येक दशकं चालू आहे. टीएजी-२४ हे भुईमुगाचं वाण किरणांनी घडवलेल्या वाणांच्या संकरातून आलं, टीएयू-१ या उडदानं महाराष्ट्रात मोठं क्षेत्र व्यापलं. एकादशीच्या खिचडीतल्या दाण्याच्या कुटाला असा पूर्वज असणं अगदी शक्य आहे. तो कूट किरणोत्सारी नसतो. गॅमा किरण बियांतून आरपार जातात, मागे राहत नाहीत.

चीननं १९८७ पासून बिया अंतराळात पाठवल्या आणि २००६ मध्ये शिजियान-८ हा उपग्रह खास त्यासाठीच सोडला. त्यांचं लुयुआन ५०२ हे गव्हाचं वाण तिथं मोठ्या क्षेत्रावर घेतलं जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं ज्वारीचं बी स्थानकावर पाठवलं, ते एप्रिल २०२३ मध्ये परत आलं.

मावशीच्या प्रश्नाकडे येतो. 'बिघडवणं' हा शब्द मला मान्य नाही. किरण न लावताही प्रत्येक पिढीत डीएनएत नवे बदल होतच असतात आणि शेतकऱ्यानं हजारो वर्षं त्यांतूनच निवड केली. पण म्हणून सगळं माफ, असंही नाही.

१९८४ मध्ये नासानं टोमॅटोच्या सव्वा कोटी बिया उपग्रहावर ठेवल्या. त्या १९९० मध्ये खाली आल्या आणि शाळकरी मुलांना पेरायला दिल्या गेल्या. ही फळं विषारी निघाली तर, अशी बातमी आली आणि खळबळ उडाली. फळं चांगली निघाली. तरी ती शंका मला मूर्खपणाची वाटत नाही. टोमॅटो, बटाटा, वांगी हे कूळच विषारी अल्कलॉइडं बनवणारं. लेनापे नावाचा बटाटा अमेरिकेत १९७० मध्ये बाजारातून मागे घ्यावा लागला, कारण त्यात सोलॅनिन हे असलंच एक विष फार निघालं. तो बटाटा मात्र साध्या संकरातून आला होता, एकही किरण न लावता.

म्हणून माझं म्हणणं असं की तपासायचं ते रोप. ते कोणत्या वाटेनं आलं, हे नंतर. आपले नियम उलटं करतात. दुसऱ्या सजीवाचं एक जनुक घातलं की फाइल अशा पिकांना परवानगी देणाऱ्या दिल्लीच्या समितीकडे जाते. किरणांनी किंवा रसायनांनी जागोजाग अक्षरं बदलली तर त्या समितीचा संबंधच येत नाही. 'पुसा बासमती १९७९' आणि 'पुसा बासमती १९८५' (हे आकडे सालं नव्हेत, नावाचाच भाग) ही २०२१ मध्ये आलेली भाताची वाणं इमाझेथापायर हे तणनाशक सहन करतात. तो गुण रासायनिक उत्परिवर्तनातून मिळाला, म्हणून ती जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेली पिकं, ठरत नाहीत. पण तणनाशकाचा वापर वाढेल का, तणही हळूहळू दाद देईनासं होईल का, खुरपणीला जाणाऱ्या बायकांच्या मजुरीचं काय, हे प्रश्न तर जीएम पिकाइतकेच इथंही उभे आहेत. ते विचारायची तशी जागा मात्र मला दिसत नाही. हे मला अनैतिक वाटतं.

मालकीचंही तसंच. सरकारी खर्चानं अंतराळात गेलेल्या बियांतून वाण निघालं तर ते कुणाचं? २००१ च्या कायद्यानं आपल्या शेतकऱ्याला संरक्षित वाणाचं बीसुद्धा राखून ठेवायचा, पेरायचा, अदलाबदलीचा आणि ब्रँड न लावता विकायचा हक्क दिला आहे. 'अंतराळ' हा शब्द चिकटला म्हणून तो हक्क सैल होता कामा नये.

मावशीनं दहाही बिया लावल्या. आठ उगवल्या. फळं आली तेव्हा ती म्हणाली, "हे तर आपले नेहमीचेच टोमॅटो." मी तिला प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीचं बी वेगळं काढायला लावलंय. सध्या तिच्या फडताळात सव्वीस पुड्या आहेत. प्रत्येकीवर झाड, फांदी आणि तारीख लिहिलेली आहे. कुंड्या पुरणार नाहीत, म्हणून शेजारची गच्ची मागायची आहे.