समुद्रावरील युद्धाचा कायदा : पार्श्वभूमी

फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि त्यामागे पुण्याच्या नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी केलेली हातमिळवणी होती. आपले दस्तक (समुद्रात ये-जा करण्याचा परवाना) न घेणारी जहाजे अडवणे हा आंग्रे स्वतःचा हक्क समजत. इंग्रज त्यालाच चाचेगिरी म्हणत. व्यापारी जहाज कोणी व कोणत्या अधिकाराने अडवावे, हा वाद युरोपातही जुनाच होता आणि नौदल युद्धाचा आंतरराष्ट्रीय कायदा मुख्यतः त्यातूनच वाढला.

क्रिमियाच्या युद्धानंतर, 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्याने खासगी जहाजांना लुटीचे परवाने देण्याची प्रथा बंद केली, तटस्थ जहाजावरील शत्रूच्या मालाला, तो निषिद्ध युद्धसाहित्य नसल्यास, संरक्षण दिले आणि प्रत्यक्ष बळाने राखलेली नाकेबंदीच बंधनकारक मानली. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची नाकेबंदी करताना भारताची विमानवाहू नौका ‘विक्रांत’ त्या समुद्रात हजर असणे या जुन्या कसोटीवरही महत्त्वाचे होते. 1907 च्या हेग परिषदेने पाणसुरुंगांवर मर्यादा घातल्या.

पाणबुडीने मात्र ही सारी घडी विसकटली. व्यापारी जहाजाच्या झडतीसाठी वर यावे तर ती स्वतःच तोफेच्या टप्प्यात सापडते. न येता टॉर्पेडो सोडावा तर प्रवासी बुडतात. 7 मे 1915 रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या ‘लुसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी जहाजावरील सुमारे 1,200 माणसे अशीच गेली. प्रवासी व खलाशी सुरक्षित केल्याखेरीज, थांबण्यास नकार न देणारे व्यापारी जहाज बुडवू नये, हा नियम 1936 मध्ये लंडनला लेखी झाला आणि दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी मोडला. युद्धानंतर जर्मन नेत्यांवर खटले चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने जर्मन नौदलाचे ॲडमिरल डोनिट्झ यांना दोषी ठरवले खरे. पण ब्रिटिश नौदलाचे आदेश आणि पॅसिफिकमधील अमेरिकी पाणबुड्यांविषयी तिथले अमेरिकी नौदलप्रमुख ॲडमिरल निमित्झ यांनी दिलेली उत्तरे पाहून, पाणबुडी युद्धातील नियमभंग शिक्षा ठरवताना धरला नाही. तरीही न्यायाधीशांनी नियम मृत ठरवला नाही, ही त्या निकालातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तो मृत ठरला असता, तर नि:शस्त्र खलाशाच्या बाजूने बोलायला फारसे काही उरले नसते.

1949 च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम 18 नुसार प्रत्येक चकमकीनंतर बुडालेल्या जहाजांवरील माणसांचा, मग ती शत्रूची असली तरी, विनाविलंब शोध घेण्यासाठी शक्य ते सर्व उपाय करावे लागतात. जिनिव्हा करारांसाठी भारताने 1960 मध्ये स्वतंत्र कायदा केला. 1994 ची सान रेमो नियमावली हा करार नसून तज्ज्ञांनी केलेले संकलन आहे, तरी नाकेबंदी, झडती आणि तटस्थ जहाजे यांविषयीच्या चर्चेत आज तिचाच आधार वारंवार घेतला जातो.