तिजोरीतला देव: विज्ञानकथेतील पुरोहित-खलनायकाची पार्श्वभूमी

पॅसिफिक महासागरातील एका आडबाजूच्या बेटावर, अंधाऱ्या आणि कुबट खोपटात अर्धवट माणूस झालेले प्राणी डोलत डोलत एक पाठ म्हणत असतात. चार पायांवर चालायचे नाही, पाणी जिभेने लपलप प्यायचे नाही, झाडांच्या साली ओरबाडायच्या नाहीत, आणि प्रत्येक नियमानंतर एकच पालुपद: आपण माणसे नाही का? एच. जी. वेल्स यांच्या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ या कादंबरीतील हा प्रसंग आहे. ब्रिटनमध्ये जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना निर्बंध घालणारा कायदा १८७६ साली झाला होता आणि त्यावरचा वाद पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला होता. कादंबरीचा वरवरचा विषय तोच आहे. परंतु मोरोच्या सुरीला फक्त शरीर बदलता येते, आतली मूळ ओढ बदलता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्या बेटाला ‘कायदा’ लागतो, तो म्हणून दाखवणारा एक वृद्ध लागतो, आणि वेदनेचे घर ज्याचे आहे, घडवणारा हात ज्याचा आहे, त्याची स्तुती लागते. पुढे मोरो मारला जातो तेव्हा निवेदक प्रेंडिक जीव वाचवण्यासाठी त्या प्राण्यांना सांगतो की तो मेलेला नाही, त्याने केवळ रूप पालटले आहे आणि तो वरून तुमच्याकडे पाहत आहे. धर्मावर एक अक्षरही श्रद्धा नसलेला सुशिक्षित माणूस अडचणीच्या क्षणी धर्म निर्माण करतो, आणि तो लगेच चालतो. वेल्सने पुढे या कादंबरीला तरुणपणी केलेली ईश्वरनिंदा म्हटले. मला ती त्याहून खोल वाटते, कारण पुढच्या शंभर वर्षांत विज्ञानकथेने ज्या खलनायकाला घडवत नेले, त्याचे संपूर्ण यंत्र या एका प्रसंगात उघडे पडलेले आहे.

विज्ञानकथेतील खलनायक म्हटले की परग्रहावरचा आक्रमक किंवा जग उडवून देऊ पाहणारा विक्षिप्त शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतो. या टिपणाचा विषय असलेली परंपरा वेगळी आहे. तिच्यातला खलनायक शस्त्रापेक्षा पठण, उत्सव, कबुलीजबाब, कालगणना आणि मरणोत्तर जीवनाचे आश्वासन या साधनांवर अधिक विसंबतो. देव आहे की नाही, या प्रश्नात या परंपरेतल्या बहुतेक लेखकांना फारसा रस नाही. ग्रंथाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हा त्यांचा प्रश्न आहे. हे खलनायक स्वतः भरपूर वाचलेले असतात, निषिद्ध पुस्तके त्यांच्याच कपाटात असतात, आणि इतरांना ती का मिळू नयेत याचे कारण ते शांतपणे, अनेकदा करुणेने, समजावून सांगतात.

या समजावणीचा नमुना विज्ञानकथेबाहेरून आला. दस्तयेवस्की यांच्या ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’ या १८८० साली पूर्ण झालेल्या कादंबरीत इव्हान आपल्या भावाला एक गोष्ट सांगतो. सोळाव्या शतकातील सेव्हिलमध्ये येशू पुन्हा अवतरतो आणि नव्वदीतला महान्यायाधीश त्याला इन्क्विझिशनच्या कोठडीत टाकतो. (इन्क्विझिशन हा शब्द गोव्याच्या वाचकाला पुस्तकी वाटणार नाही, १५६० मध्ये तेथे स्थापन झालेले, पाखंड्यांना शिक्षा करणारे चर्चचे हे न्यायासन, मधली काही वर्षे सोडल्यास, १८१२ पर्यंत चालले.) रात्री कोठडीत येऊन तो म्हातारा कैद्याला सांगतो की तू माणसांना स्वातंत्र्य दिलेस आणि ते त्यांना पेलवले नाही; आम्ही तुझे काम दुरुस्त केले, ते चमत्कार, गूढ आणि अधिकार यांवर उभे केले; आता कोट्यवधी लोक लेकरांसारखे सुखी राहतील आणि बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचा शाप आपल्या शिरावर घेतलेले लाखभर रक्षक तेवढे दुःखी असतील. शासक, बंडखोर, बंद खोली आणि दीर्घ संभाषण ही मांडणी पुढे इतक्या ठिकाणी दिसते की ती या कथाप्रकाराची गाभाऱ्यातली मूर्तीच झाली आहे.

ती मांडणी भविष्यकाळात नेणारा लेखक म्हणजे येवगेनी झाम्यातिन. त्यांचे वडील ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू होते आणि ते स्वतः जहाजबांधणीचे अभियंते होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांच्या कामावर देखरेख करण्यासाठी त्यांनी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे काही काळ काढला. देवघर आणि कारखाना ही दोन्ही जगे आतून पाहिलेल्या या माणसाने १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या कादंबरीच्या नावाचा अर्थ ‘आम्ही’ असा होतो. तिच्यातील ‘एकराज्या’त माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. काचेच्या घरांत राहणाऱ्या या माणसांचा प्रत्येक तास एका तक्त्याने ठरवलेला आहे, आणि प्राचीन वाङ्मयातील सर्वश्रेष्ठ वारसा म्हणून ते ज्याचा गौरव करतात ते रेल्वेचे वेळापत्रक आहे. वार्षिक निवडणुकीला ते प्राचीनांच्या ईस्टरची उपमा देतात. ‘उपकारकर्ता’ या पदवीचा सर्वोच्च शासक स्वतःच्या हाताने यंत्राची कळ दाबून अपराध्याचे पाणी करतो, तेव्हा कवी स्तवने गातात आणि तो सोहळा यज्ञासारखा पार पडतो.

बंडात ओढला गेलेला अभियंता डी-५०३ शेवटी या उपकारकर्त्यासमोर उभा राहतो. आपल्याला जल्लाद म्हटले जाते हे तो शासक नाकारत नाही. उलट, आज्ञा मोडणाऱ्यांना नरकाग्नीत भाजणारा दयाळू देव कोण होता, असे विचारतो. माणसाने पाळण्यापासून एकाच गोष्टीसाठी प्रार्थना केली आहे, असे त्याचे म्हणणे आहे: सुख म्हणजे काय ते कोणीतरी एकदाचे सांगावे आणि मग त्या सुखाला आपल्याला साखळीने जखडावे. संभाषणाच्या अखेरीस डी-५०३ ला दिसतो तो टक्कल असलेला, डोक्यावर घामाचे थेंब आलेला एक साधा माणूस. देवाच्या जागी बसलेल्या सत्तेचे हे दर्शन सोव्हिएत सत्तेला मानवले नाही. कादंबरी प्रथम १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाली, लेखकाला १९३१ मध्ये थेट स्टॅलिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागावी लागली, १९३७ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, आणि मायदेशात पुस्तक छापले गेले ते १९८८ मध्ये.

इंग्लंडमध्ये या परंपरेला जवळजवळ गुरु-शिष्यांची वंशावळ आहे. डार्विनचे खंदे पाठीराखे टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली वेल्स जीवशास्त्र शिकले. टी. एच. हक्सली यांचे नातू ऑल्डस हक्सली यांनी ईटनच्या शाळेत काही काळ शिकवले, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांत बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेला एक मुलगा होता, जो पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने लिहू लागला. हक्सली यांच्या १९३२ सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये कालगणना फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीपासून सुरू होते, क्रुसांचे वरचे टोक छाटून त्यांचे टी केलेले आहेत, आणि दुःखाची चाहूल लागताच घ्यायच्या गोळीला दिलेले नाव आपल्या चांगल्याच ओळखीचे आहे: सोम. ऋग्वेदाचे सबंध नववे मंडल ज्याच्या स्तुतीला वाहिलेले आहे त्या पेयाचे नाव सरकारी शिधावाटपाच्या गुंगीला देणे हा लेखकाचा अत्यंत विचारपूर्वक केलेला निर्णय आहे, कारण देवत्वाचा अनुभवसुद्धा मोजून, वेळेवर आणि फुकट पुरवला की देवाची गरज कोणाला उरत नाही.

या राज्याचा एक नियंत्रक मुस्तफा माँड हा मला या संपूर्ण परंपरेतला सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस वाटतो. तो क्रूर नाही. तरुणपणी तो पदार्थविज्ञानाचा उत्तम अभ्यासक होता. स्वतंत्र संशोधनासाठी बेटावर हद्दपारी किंवा राज्यकर्त्यांत प्रवेश, असा पर्याय समोर आला तेव्हा त्याने सत्ता निवडली. बाहेरच्या जगात वाढलेल्या जॉनशी बोलताना तो तिजोरी उघडतो आणि आतून बायबल काढतो, मग ‘द इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’, मग विल्यम जेम्स यांचा धार्मिक अनुभवांवरचा ग्रंथ. देव तिजोरीत आणि फोर्ड फळीवर, असे तो हसत म्हणतो. त्याला हे ग्रंथ समजतात, बहुधा आवडतातही, आणि तरीही ते बंदच राहिले पाहिजेत अशी त्याची खात्री आहे.

ऑर्वेलने झाम्यातिनच्या कादंबरीचे परीक्षण जानेवारी १९४६ मध्ये ‘ट्रिब्यून’ या साप्ताहिकात लिहिले आणि जून १९४९ मध्ये त्यांची ‘१९८४’ प्रसिद्ध झाली. तिच्यात सुखाचे आश्वासन गळून पडते. छळ करणारा ओब्रायन स्वतःला सत्तेचा पुरोहित म्हणवतो, सत्ता हाच देव मानतो, आणि जुन्या इन्क्विझिशनची चूकही दाखवून देतो: तिने पाखंड्यांना जाळले, त्यातून हुतात्मे निर्माण झाले, आम्ही माणसाला मारण्यापूर्वी त्याचे मन पालटवतो. बंडखोरांचा पवित्र ग्रंथ समजून नायक विन्स्टन जे निषिद्ध पुस्तक जिवावर उदार होऊन वाचतो, त्याच्या लेखनात आपला हात होता असेही ओब्रायन सांगतो. इथे ग्रंथाची किल्लीच काय, ग्रंथही खलनायकाचाच निघतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हक्सली यांनी आपल्या माजी विद्यार्थ्याला पत्र पाठवून लिहिले की दंडुके आणि तुरुंग यांपेक्षा बालपणापासूनचे संस्कार आणि औषधी संमोहन ही साधने राज्यकर्त्यांना अधिक कार्यक्षम वाटतील.

खलनायकाशिवायही हे यंत्र चालू शकते, हे ई. एम. फॉर्स्टर यांनी त्याआधीच, १९०९ मध्ये, ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेत दाखवले होते. तिथे जमिनीखालच्या खोल्यांत एकेकट्या राहणाऱ्या माणसांकडे यंत्राची माहितीपुस्तिका असते, ती उघडी असते, आणि तरी वाश्ती तिचे चुंबन घेते व यंत्राचा जप करते, कारण संपूर्ण यंत्र समजणारा माणूसच उरलेला नसतो. १९६७ च्या फेब्रुवारीत प्रसारित झालेल्या ‘स्टार ट्रेक’च्या एका भागातील लँड्रू हा याच कल्पनेचा दूरचित्रवाणीवरचा अवतार होता: डोक्यावरून झगे ओढलेले ‘कायदादाते’, सर्वांना सामावून घेणारी ‘काया’, आणि सहा हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका सज्जन नेत्याच्या आज्ञा राबवत बसलेला संगणक.

अमेरिकेत हा विषय मासिकांतून वाढला आणि त्याला प्रसारमाध्यमांची जोड मिळाली. कफलिन नावाच्या धर्मगुरूची राजकीय प्रवचने १९३० च्या दशकात रेडिओवर लाखो लोक ऐकत होते. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४० मधील कथेत नेहेमाया स्कडर नावाचा प्रवचनकार राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येतो, त्यानंतर निवडणुका होत नाहीत, आणि त्याच्या वारसांच्या राज्यात वर्षातून एकदा घडणारा चमत्कार दूरचित्रवाणीवरून दाखवला जातो. आयझॅक असिमोव्ह यांच्या १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फाउंडेशन’च्या कथांत तर नायकच शेजारच्या राज्यांना अणुशक्ती देतात ती धर्माच्या वेष्टनात, अर्थ न कळता यंत्रे चालवणाऱ्या पुरोहितांच्या हातून. वाचक त्या नायकांच्या बाजूने उभा राहतो, याचे मला आजही वाईट वाटते. तिजोरी तीच आहे, किल्ली फक्त आपल्या माणसाकडे आहे. ही अडचण फ्रँक हर्बर्ट यांनी ओळखली. १९६५ च्या ‘ड्यून’मध्ये एक भगिनीसंघ ग्रहाग्रहांवर तारणहाराच्या दंतकथा आधीच पेरून ठेवतो, त्या दंतकथेत नायक बरोबर बसतो, आणि पुढच्या कादंबरीत त्याच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धातील मृतांची संख्या एकसष्ट अब्ज सांगितली जाते.

भारतीय वाचकाने मुद्दाम थांबावे असे पुस्तक म्हणजे रॉजर झेलाझ्नी यांची १९६७ सालची, ह्यूगो पुरस्कार मिळवलेली ‘लॉर्ड ऑफ लाइट’. ‘स्टार ऑफ इंडिया’ या यानातून एका दूरच्या ग्रहावर आलेले खलाशी तंत्रज्ञानाच्या बळावर ब्रह्मा, काली अशा देवता बनून बसले आहेत आणि सहप्रवाशांच्या वंशजांवर राज्य करीत आहेत. मन एका शरीरातून दुसऱ्यात हलवण्याचे यंत्र त्यांच्या ताब्यात असल्याने पुनर्जन्म हे येथे शब्दशः सरकारी खाते आहे: कर्माचे अधिकारी मेंदूची झडती घेतात आणि पुढचे शरीर ठरवतात, मग ते तरुण माणसाचे असेल किंवा माकडाचे. प्रार्थनेसाठी नाणे टाकायची यंत्रे आहेत. छापखान्याचा शोध मात्र लागला की दाबून टाकला जातो. या स्वर्गाविरुद्ध महासमात्मन ऊर्फ सॅम बुद्धाची शिकवण उभी करतो, तीही स्वतःचा विश्वास नसताना, केवळ शस्त्र म्हणून. आणि त्याला मारायला आलेला मारेकरीच ती ऐकून खरोखर ज्ञानी होतो.

देव म्हणजे बाहेरून आलेले जेते, आणि अवतारकथा म्हणजे त्यांच्या विजयाचा इतिहास, हे वाचन मराठीत नवे नव्हते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये, म्हणजे झेलाझ्नी यांच्या चौऱ्याण्णव वर्षे आधी, ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह आणि वामन यांची अशीच उलटतपासणी केली होती. दोन्ही पुस्तकांचा परस्परांशी काही संबंध नाही. फुले यांच्यासमोर कल्पित ग्रह नव्हता, शूद्रातिशूद्रांना अक्षरापासून दूर ठेवणारा प्रत्यक्ष समाज होता, म्हणून त्यांचे पुस्तक कादंबरी झाले नाही. छापखाना दाबणारे देव मराठी वाचकाला कल्पनाविलास वाटत नाहीत, याचे कारण तिथे आहे; आणि बंडाचे शस्त्र म्हणून सॅमने निवडलेली वाट पाहताना १९५६ च्या ऑक्टोबरमधील नागपूर आठवणेही स्वाभाविक आहे.

मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी ‘द हँडमेड्स टेल’ची सुरुवात १९८४ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये केली आणि माणसांनी पूर्वी कुठेतरी प्रत्यक्ष केलेले नाही असे काही पुस्तकात घालायचे नाही, असा नियम स्वतःला घालून घेतला. तिच्यातील गिलियड राज्यात स्त्रियांना वाचनबंदी आहे, दुकानांच्या पाट्यांवर चित्रे आहेत, आणि कमांडरच्या घरात बायबल कुलपात असते, पूर्वी चहा ठेवत तसे. दासींना ध्वनिफितीवरून ऐकवल्या जाणाऱ्या वचनांत ‘जे मौन पाळतात ते धन्य’ असे एक वचन आहे. ते बायबलमध्ये नाही हे निवेदिकेला पक्के ठाऊक आहे, पण पडताळून पाहण्याचा मार्ग नाही. कुवतीप्रमाणे द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे हे समाजवादी सूत्रसुद्धा तिथे संत पॉलच्या नावावर खपवले जाते. पुढे २०१९ मध्ये आलेल्या ‘द टेस्टामेंट्स’मध्ये अ‍ॅग्नेस नावाची मुलगी मोठेपणी अक्षरे शिकते आणि एके दिवशी तिच्या हाती तो ग्रंथ येतो. बायबलमधील बारा तुकडे केलेल्या रखेलीची गोष्ट तिला शाळेत सांगितलेली असते: आपल्या अवज्ञेचा पश्चात्ताप होऊन त्या बाईने धन्यासाठी स्वतःहून बलिदान दिले. पुस्तकात ते बलिदान कुठेच नसते. तिला घराभोवती जमलेल्या दुष्ट जमावापुढे दाराबाहेर ढकलणारा हात धन्याचाच असतो.