मुलाच्या वेदनेचा प्रश्न : दस्तयेवस्की ते काम्यू

१८७८ च्या मे महिन्यात रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्यात गेला. त्याला तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि अपस्मार हा बापाचाच आजार होता. पुढच्या महिन्यात दस्तयेवस्की ऑप्टिना मठात जाऊन अम्ब्रोसी या वृद्ध साधूला भेटला. साधूने त्याच्या पत्नीसाठी सांगितलेले सांत्वनाचे शब्द ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’ या कादंबरीत झोसिमा या वृद्ध साधूच्या तोंडी आले आहेत. तिथे तो ते तीन वर्षांचा मुलगा गमावलेल्या एका शेतकरी बाईला सांगतो.

जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० या काळात ही कादंबरी मासिकातून क्रमशः छापून आली. दुःखाला काही अर्थ असतो का, या प्रश्नाची सर्वांत धारदार मांडणी तिच्या पाचव्या खंडात, ‘बंड’ या चौथ्या प्रकरणात सापडते. पुढच्या अस्तित्ववादी (जगण्याला आयता अर्थ नसतो, असे मानणाऱ्या) कथासाहित्याचा एक मोठा प्रवाह या प्रकरणाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतो.

करमाझोव्ह भावांपैकी इव्हान इथे आपल्या धाकट्या भावासमोर दोन गोष्टी करतो. मोठ्या माणसांचे दुःख तो आधीच बाजूला ठेवतो, कारण त्यांच्या बाबतीत पाप, शिक्षा, प्रायश्चित्त असा काही हिशेब कोणीही मांडू शकतो. मुलांच्या बाबतीत तशी पळवाट राहत नाही. दुसरे म्हणजे तो देव नाकारत नाही. शेवटी सारे काही सुसंवादात विलीन होईल, हेही तो वादापुरते मान्य करतो. फक्त एका मुलाचे अश्रू ही त्या सुसंवादाची किंमत असेल, तर प्रवेशाचे तिकीट आपण नम्रपणे परत करतो, असे त्याचे म्हणणे आहे. त्याचे दाखले हवेतले नाहीत. सात वर्षांच्या मुलीला फटके मारणाऱ्या आणि तरीही निर्दोष सुटलेल्या बापाचा खटला दस्तयेवस्कीने १८७६ मध्येच आपल्या ‘लेखकाची डायरी’त सविस्तर हाताळला होता. कादंबरीतल्या अशाच प्रसंगामागे तो खटला आहे.

दस्तयेवस्की स्वतः श्रद्धावान होता. सहावा खंड, म्हणजे झोसिमाचे जीवन आणि उपदेश, हे त्याने इव्हानला दिलेले उत्तर. ते पुरेसे ठरेल का, याची धास्ती त्याने लिहिता लिहिता पत्रातही व्यक्त केली. हे उत्तर युक्तिवादाच्या रूपात येत नाही, एका माणसाच्या जगण्याच्या रूपात येते. ही पद्धत पुढच्या नास्तिक लेखकांनीही उचलली, आणि माझ्या मते दस्तयेवस्कीचे त्यांच्यावरचे सर्वांत मोठे ऋण हेच आहे.

मधली साठ वर्षे इथे थोडक्यात पुरतात. काफ्काच्या ‘द ट्रायल’मध्ये (१९२५, मृत्यूनंतर वर्षभराने प्रकाशित) आरोपीला आरोपच कळत नाही. शिक्षा आहे, पण ज्याच्याकडे तिकीट परत करावे असा कोणी समोर नाही. सार्त्रच्या ‘नॉशिया’मध्ये (१९३८) वेदनेपेक्षा खोल अशी एक गोष्ट येते: झाडाचे मूळ आहे, आपण आहोत, आणि दोन्ही असण्याला काहीच कारण नाही. त्याच वर्षी अल्जीयर्सच्या एका दैनिकात या कादंबरीचे परीक्षण आले. जगण्याची विसंगती दिसणे हा शेवट असू शकत नाही, ती फक्त सुरुवात असते, असे त्यात म्हटले होते. परीक्षण लिहिणारा होता चोवीस वर्षांचा आल्बेर काम्यू.

काम्यूला सतराव्या वर्षी, १९३० मध्ये, क्षयाने गाठले होते. १९३८ मध्येच त्याच्या नाट्यसंस्थेने अल्जीयर्समध्ये ‘करमाझोव्ह’चे नाट्यरूपांतर रंगवले आणि इव्हानची भूमिका त्याने स्वतः केली. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे त्याने इव्हानविषयी जे लिहिले, ते ती वाक्ये तोंडपाठ असलेल्या माणसाने लिहिलेले आहे.

१९४२ मध्ये ‘द आउटसायडर’ आणि ‘द मिथ ऑफ सिसिफस’ काही महिन्यांच्या अंतराने आली. जर्मन अमलाखालच्या पॅरिसमध्ये काफ्का हा ज्यू लेखक असल्याने ‘सिसिफस’मधले त्याच्यावरचे प्रकरण वगळावे लागले. नेहमीचा घोटाळा इथे होतो. ‘अॅब्सर्ड’ (विसंगत) म्हणजे ‘सगळेच निरर्थक’ असे समजून ‘द आउटसायडर’चा नायक म्यर्सो आदर्श पुरुष म्हणून वाचला जातो. काम्यूची मांडणी वेगळी आहे. विसंगती जगात नसते आणि माणसातही नसते. माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहते, आणि या दोहोंच्या गाठीतून ती जन्मते. म्हणूनच आत्महत्या हे तिचे उत्तर होत नाही, कारण त्यात गाठीचे एक टोकच कापले जाते. श्रद्धेची उडीही उत्तर होत नाही, कारण तिथे दुसरे टोक सोडून दिलेले असते.

शैलीही त्याच विचारातून आली. फ्रेंच कादंबरीत रूढ असलेला लेखी भूतकाळ सोडून म्यर्सो बोलीतला भूतकाळ वापरतो आणि ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ असे दुवे गाळतो. सार्त्रने १९४३ च्या लेखात दाखवले की यामुळे प्रत्येक वाक्य बेटासारखे सुटे पडते. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात न्यायालय हीच सुटी बेटे जोडून कारणांची साखळी तयार करते आणि त्या साखळीच्या जोरावर माणसाला मृत्यूदंड देते. पहिला भाग घाईने वाचला तर हा अन्याय जाणवतच नाही.

‘द प्लेग’ (१९४७) मात्र इव्हानकडे थेट परत जाते. १९४२ मध्ये क्षय उलटल्यावर काम्यू फ्रान्सच्या डोंगराळ भागात उपचारासाठी राहिला होता. नोव्हेंबरमध्ये दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले आणि अल्जीरियात असलेल्या पत्नीपासून तो तुटला. कादंबरीत प्लेगमुळे ओरान हे अल्जीरियातले शहर बंद होते, आणि तिथल्या माणसांचा विरह या अनुभवातून आलेला आहे.

चौथ्या भागात न्यायाधीश ओथों यांचा मुलगा मरतो. त्याच्यावर नव्या सीरमची (प्लेगवरच्या रक्तद्रव औषधाची) पहिली चाचणी होते. सीरम त्याला वाचवत नाही, फक्त झुंज लांबवते, म्हणजे यातनाही लांबतात. हा तपशील क्रूर आहे आणि जाणूनबुजून घातलेला आहे, कारण मदत करणाऱ्यांचे हातही इथे स्वच्छ राहत नाहीत. डॉक्टर रियू फादर पानलूवर उसळतो: हा तरी निष्पाप होता! आपल्याला कळत नाही त्यावरही प्रेम करायला हवे, असे पानलू सुचवतो. जिथे मुलांचा छळ होतो त्या सृष्टीवर मरेपर्यंत प्रेम करणार नाही, असे रियू सांगतो. इव्हानचेच वाक्य, पण पुढची कृती वेगळी आहे. इव्हान वेडाच्या सीमेवर पोचतो, तर रियू पुढच्या रुग्णाकडे जातो आणि पानलूला आपल्या कामात सोबती मानतो.

पानलूलाही काम्यूने व्यंगचित्र होऊ दिले नाही. पहिल्या प्रवचनात तो ‘तुम्ही’ म्हणतो. मुलाच्या मृत्यूनंतरच्या प्रवचनात ‘आपण’ म्हणतो आणि विश्वास ठेवायचा तर पूर्ण, नाहीतर सारेच नाकारायचे, इथवर येतो. तो मरतो तेव्हा त्याच्या नोंदीत ‘संशयित रुग्ण’ असे लिहिले जाते.

‘द प्लेग’ने इव्हानला दिलेल्या या उत्तरात एक खरी उणीव आहे. इव्हानच्या गोष्टींत मुलांना छळणारी माणसे होती, ‘द प्लेग’मध्ये जिवाणू आहे. १९५५ मध्ये फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने नेमके यावर बोट ठेवले: दुष्टाव्याला मानवी चेहराच नसेल, तर कोणाविरुद्ध लढायचे हा कठीण प्रश्न टळतो. नाझी सत्तेविरुद्धचा युरोपातला लढा हाच कादंबरीचा उघड आशय आहे, असे काम्यूने उत्तर दिले. आक्षेप मला तरीही टिकाऊ वाटतो. शिवाय पत्रकार रांबेर ओरानमध्ये येतो तोच मुळी अरबांच्या आरोग्यस्थितीची माहिती घ्यायला, आणि नंतर हे अरब कादंबरीतून जवळजवळ नाहीसे होतात.

माणसाने माणसाला मारण्याचा प्रश्न काम्यूने ‘द रिबेल’मध्ये (१९५१) घेतला, तोही इव्हानवरच्या स्वतंत्र प्रकरणासह. त्या पुस्तकावरूनच १९५२ मध्ये सार्त्रशी त्याची मैत्री तुटली.

हा धागा मुळातून वाचायचा असेल तर ‘करमाझोव्ह’च्या पाचव्या खंडातली तिसरे ते पाचवे ही प्रकरणे आणि लगेच पूर्ण सहावा खंड घ्यावा. ‘महाधर्माधिकारी’ हे पाचवे प्रकरण अनेकदा स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापले जाते. ते एकटेच वाचले की मुलांचा प्रश्न गळून पडतो आणि सत्ता व स्वातंत्र्याची चर्चा तेवढी उरते. त्यानंतर ‘द प्लेग’ सलग वाचावी. चौथा भाग सुटा उचलला तर पानलूचे पहिले प्रवचन मागे राहते आणि त्याच्या ‘आपण’चे वजन कळत नाही.