प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी परिशिष्ट-1 काढून घ्या
(गडकोट व वारसा जतन करणाऱ्या संस्थांसाठी माहितीपत्रक)

गडकोट जपणाऱ्या संस्थांना आम्ही व्यवस्थापन आणि नेतृत्वाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण देतो. फोनवर बहुतेक संस्था एकच विचारतात, "सीएसआर निधी कसा मिळवायचा, एवढंच एका दिवसात शिकवाल का? व्यवस्थापन वगैरे नको, आमची मुलं कामाची आहेत."

मुलं कामाची आहेत, यात शंकाच नाही. घमेली-फावडी खांद्यावर घेऊन गड चढायचा, टाक्यातला गाळ उपसायचा आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचं, हे सोपं नाही. ऐतिहासिक वास्तूंचं जतन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या (सीएसआर) कामांच्या यादीत, बसतं, त्यामुळे निधीची वाटही आहे. पण कंपनी आधी कागद मागते, आणि तिथंच गाडी अडते.

मागच्या पावसाळ्यात एक संस्था आमच्याकडे आली. तटबंदीवरची झाडी काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेनिशी लावलेले, हिशेब चोख. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट-1 वर, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांच्या सरकारी नोंदीवर, मात्र सात विश्वस्त, त्यातले दोघे वारलेले. समोर बसलेल्या अध्यक्षांचं आणि खजिनदारांचं नावच नाही. तीनदा निवडणूक झाली, पेढे वाटले, पण बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, एकदाही दाखल झाला नाही. दोन दिवसांतला पहिला दिवस इतिवृत्ताच्या वह्या चाळण्यात गेला. असं एकाच संस्थेचं होत नाही, म्हणून हे पत्रक.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमधला बदल 90 दिवसांत कळवावा लागतो. उशीर झाला तर विलंब माफ करण्याची विनंती जोडावी लागते. त्यात एक बदल अर्ज राहिला की पुढचेही त्याच्यामागे अडकतात. म्हणून प्रशिक्षणाच्या नोंदणीआधी आम्ही परिशिष्टाची ताजी प्रत मागतो. काहींना ही अडवणूक वाटते. पण ज्या दिवसाचे पैसे तुम्ही देता, तो वह्या चाळण्यात जावा असं आम्हाला वाटत नाही. जुने अर्ज राहिले असतील तर तसं आधी सांगा. कुठली इतिवृत्तं, कुठले राजीनामे शोधायचे याची यादी आम्ही नोंदणीबरोबर विनामूल्य देतो.

दुसरा आग्रह, प्रशिक्षणाला तिघांनी यावं. अध्यक्ष, खजिनदार आणि प्रत्यक्ष गडावर मोहीम चालवणारा एक जण. एकट्या अध्यक्षांना आम्ही घेत नाही, कारण नेतृत्वाची खरी वेळ गडावर येते. गाळ काढताना तोफगोळा लागला, तर काम तिथंच थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवायचं. त्या रविवारी पन्नास पोरांना "थांबा" कोण म्हणणार? गावातला मोठा देणगीदार सिमेंटची पोती पाठवतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि शेजारचा दगड झिजू लागतो. ती पोती परत पाठवायची आणि देणगीदारही दुखावू द्यायचा नाही, हा संवाद आम्ही तिघांकडून प्रत्यक्ष करवून घेतो. दोन दिवसांत सगळ्यात जास्त वेळ याच सत्राला देतो, आणि आमच्या मते तो वसूल होतो.

गडावर काम करायच्या परवानगीचंही तसंच. रायगड, शिवनेरी केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे; राजगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. अर्ज चुकीच्या दारी गेला की हंगाम निघून जातो. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले 11 महाराष्ट्रातले. आता विचारणा वाढली आहे, कागदही जास्त बारकाईनं बघितले जातील.

आमच्या तुकड्या जून ते सप्टेंबर असतात, कारण दिवाळीनंतर तुमचे रविवार गडावर जातात. शुल्क संस्थेमागे आहे, माणसामागे नाही. तिघे आले म्हणून खर्च वाढत नाही. तीन महिन्यांनी आम्ही तुमच्या कार्यकारिणीच्या एका बैठकीला येऊन बसतो, ते याच शुल्कात धरलेलं आहे. येताना परिशिष्ट-1, शेवटची दोन इतिवृत्तं आणि बँकेत सह्या कुणाच्या चालतात त्याचा कागद आणा.