कामा आणि वाडिया: दोन्ही ‘सरकारी’, पण कारभार वेगळा

परळच्या वाडियात नाव नोंदवलेल्या आणि आझाद मैदानाजवळच्या कामा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या अशा दोन्ही बायकांच्या घरी विचारलं, बाळंतपण कुठे, तर उत्तर एकच मिळतं: सरकारी दवाखान्यात. ते चूक आहे असं कुणाला वाटतही नाही. दोन्हीकडे खर्च कमी, दोन्हीकडे सार्वजनिक पैसा, आणि दोन्ही नावं पारशी दात्यांची. तरी निर्णय कोण घेतं, साहेबाची नेमणूक कोण करतं आणि पैसा अडला तर काय होतं, या तीन प्रश्नांची उत्तरं दोन ठिकाणी अगदी निराळी येतात. आपल्या गल्लीतली एखादी पोर अडली की हा फरक कागदावरचा राहत नाही, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

आधी कामा. १८८० च्या दशकात मुंबईतल्या कितीतरी बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा घरी मरण पत्करत. समाजसुधारक सोराबजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी देणगी दिली. रुग्णालय स्त्री-डॉक्टरांच्या हाती राहील ही त्यामागची अट होती. १८८६ मध्ये ते सुरू झालं, इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची प्रमुख झाल्या. बाळंतपणाचा विभाग आल्ब्लेस यांच्या देणगीतून पुढे जोडला गेला, म्हणून पाटीवर दोन नावं. मात्र रुग्णालय चालवण्याची जबाबदारी सरकारने घेतली. दात्याचं नाव राहिलं, कारभार सरकारचा झाला.

आजही तसंच आहे. जे.जे., जी.टी. आणि सेंट जॉर्जेससारखंच कामा हेही राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं रुग्णालय आहे. अधीक्षक सरकारी अधिकारी असतो, त्याची बदली होते. पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, त्यामुळे रुग्णालय पैशाअभावी बंद पडेल ही भीती तिथल्या परिचारिकेला सहसा नसते. वेगळीच अडचण असते. छत गळलं तर सार्वजनिक बांधकाम विभागाची वाट बघायची. औषधांची मोठी खरेदी काही वर्षं हाफकिन महामंडळामार्फत होत होती, आता त्यासाठी राज्याचं वेगळं खरेदी प्राधिकरण आहे. म्हणजे वॉर्डात काय कमी आहे हे ज्याला रोज दिसतं, त्याच्या हातात मोठी खरेदी नसते.

वाडियाची गोष्ट गिरणगावातली. कापडगिरण्यांचे मालक असलेल्या वाडिया घराण्याने १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभं केलं. परळ, लालबाग, शिवडीतल्या कामगारांच्या बायका इथे बाळंत होऊ लागल्या, आणि आजही मुंबईत ‘मी वाडियातला’ असं सांगणारी माणसं घरटी एक तरी निघेल. पण हे रुग्णालय सरकारच्या खात्यात कधी गेलं नाही. त्याला स्वतःचं व्यवस्थापन मंडळ आहे आणि त्यावर वाडिया घराण्याचे, महापालिकेचे आणि राज्य शासनाचे प्रतिनिधी बसतात. मुख्य कार्यकारी अधिकारी मंडळ नेमतं. पैसा मात्र मोठ्या प्रमाणात पालिकेच्या आणि राज्याच्या अनुदानातून येतो. याला अनुदानित रुग्णालय म्हणायचं, सरकारी नव्हे.

ही रचना ताणली की काय होतं ते जानेवारी २०२० मध्ये मुंबईने पाहिलं. अनुदान थकलं म्हणून औषधं आणायला पैसा नाही, असं रुग्णालयाचं म्हणणं. पालिकेने कारभारातल्या अनियमिततेकडे बोट दाखवलं. कर्मचारी आणि लहान मुलांचे आईबाप रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि पुतळ्यांना पैसा आहे, आरोग्याला नाही, अशा अर्थाचे खडे बोल न्यायालयाने सरकारला सुनावले. मग निधी सुटला.

त्या भांडणात दोन्ही बाजूंकडे काहीतरी खरं होतं असं मला वाटतं. सार्वजनिक पैसा देणाऱ्याने हिशेब मागणं हे त्याचं कर्तव्यच आहे. पण हिशेबाचा वाद सुटेपर्यंत अनुदान रोखायचं, हा मार्ग मला मुळातच अमान्य आहे. त्याची किंमत हिशेब लिहिणारा मोजत नाही, ती अतिदक्षता विभागातलं बाळ मोजतं. शिवाय मंडळावर पालिकेचे आणि शासनाचे प्रतिनिधी होतेच की. शंका होत्या तर त्या बैठकीत, वर्षानुवर्षं, लेखी का उपस्थित झाल्या नाहीत, हा प्रश्न तेव्हा फार कुणी विचारला नाही.

वाडियाच्या शेजारी केईएम रुग्णालय आहे आणि गोंधळात तेही मिसळतं. ते थेट पालिकेचं: अधिष्ठाता पालिकेचा, अंदाजपत्रक पालिकेचं. त्याच्या जी.एस. वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी, शिकवणारे भारतीयच असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील, अशी अट घातली होती. ब्रिटिश अमदानीत ही अट म्हणजे स्वातंत्र्याची मोठी हाक होती. पण पालिकेच्या रुग्णालयांना जाब विचारतात ते नगरसेवक, आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं पालिकेत प्रशासकच होता. त्या काळात वाडियाच्या मंडळावर पालिकेच्या बाजूने बसणाऱ्यामागेही मतदारांनी निवडलेलं सभागृह नव्हतं. स्वायत्ततेची चर्चा करताना ही गोष्ट आपण विसरतो.

स्वायत्तता म्हणजे तरी काय? प्रसूतिगृहात माझ्या लेखी तिची कसोटी खाटेपाशी लागते: बाईला काय उपचार द्यायचे हे डॉक्टर तिच्याशी बोलून ठरवतो, की वरून कुणी ठरवतं? यात पैसा देणारा आणि मंडळावर बसणारा, दोघांचाही हात असता कामा नये. गर्भपाताचा कायदा इथे बघण्यासारखा आहे. १९७१ च्या कायद्यातल्या कलम ४ नुसार शासनाने स्थापलेलं किंवा चालवलेलं रुग्णालय गर्भपातासाठी आपोआप मान्य ठिकाण ठरतं. बाकीच्यांना शासनाची किंवा जिल्हास्तरीय समितीची मान्यता घ्यावी लागते. कामासारख्या राज्य शासनाच्या रुग्णालयाला हा प्रश्नच पडत नाही. विश्वस्त मंडळाच्या रुग्णालयात मात्र आधी मंडळाने ती सेवा द्यायचं ठरवून मान्यता घ्यावी लागते. म्हणून अशा मंडळावर कोण बसतं हे गरोदर बाईशी थेट जोडलेलं आहे. सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीत ही सवलत कुणालाच नाही, सरकारी केंद्रालाही नाही.

माहिती अधिकाराचंही असंच. कामा रुग्णालयाकडे दहा रुपये भरून अर्ज केला की तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अनुदानित संस्थेबाबत शासनाचा वित्तपुरवठा ‘भरीव’ आहे का हे आधी पाहिलं जातं. तो भरीव असेल तर बिगरसरकारी संस्थाही या कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालय विश्वस्त संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण त्या वादात अडकायचं नसेल तर जवळची वाट आहे. पालिका आणि राज्य शासन हे तर नि:संशय सार्वजनिक प्राधिकरण. मंडळावरचे तुमचे प्रतिनिधी कोण, ते किती बैठकांना हजर होते, अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र कधी आलं, हे थेट त्यांनाच विचारता येतं.

धर्मादाय रुग्णालयं हा तिसराच प्रकार. तिथे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असणं म्हणजे अनुदान मिळणं नव्हे.

तक्रार करायची झाली तर कामा रुग्णालयात आधी अधीक्षक आणि मग वैद्यकीय शिक्षण विभाग. वाडियात मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यानंतर मंडळ, आणि त्याच पत्राची प्रत पालिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याला. ती प्रत पाठवाच, कारण मंडळावर पालिकेच्या नावाने जो बसतो त्याला तुमची तक्रार पुढच्या बैठकीत मांडायला तुम्ही सांगू शकता.