ज्ञान व्यवस्थापन (संघटनांतर्गत)

काम करताना माणसांना जे उमगते ते टिपणे, पडताळणे, इतरांपर्यंत पोहोचवणे आणि त्यानुसार कामाची रीत बदलणे, या साऱ्याला ज्ञान व्यवस्थापन म्हणतात. यातल्या शेवटच्या भागाला संघटनात्मक अध्ययन असे नाव आहे. खर्च मात्र बहुधा टिपण्यावर आणि साठवण्यावरच होतो.

सगळेच टिपता येत नाही. माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, असे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडले. या अव्यक्त ज्ञानाचे व्यक्त ज्ञानात आणि पुन्हा अव्यक्तात कसे रूपांतर होते, याची चार टप्प्यांची मांडणी व्यवस्थापनशास्त्राचे जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ च्या ग्रंथात केली. सहवासातून शिकायचे, ते शब्दांत आणायचे, इतर माहितीशी जुळवायचे आणि सरावाने अंगी बाणवायचे. मांडणी सुबक आहे. गाडी बहुतेकदा दुसऱ्या टप्प्यावर अडते.

मानवशास्त्रज्ञ जूलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून त्यांचे काम पाहिले. पुस्तिकेत एरर कोड (यंत्र दाखवते तो बिघाडाचा क्रमांक) आणि त्यापुढे करायच्या तपासण्या दिलेल्या होत्या. पण कोडच दिशाभूल करू लागला की तंत्रज्ञ एकमेकांना जुन्या बिघाडांचे किस्से सांगत. कुठला भाग बदलूनही फरक पडला नव्हता, शेवटी दोष कुठे सापडला, अशा बोलण्यातून निदान पुढे सरके. वरवर वेळेचा अपव्यय वाटणाऱ्या या गप्पा म्हणजे कामच होते. पुढे कंपनीने ‘युरेका’ प्रणाली उभारली. तंत्रज्ञ आपली युक्ती लिहून पाठवी, जाणकार सहकारी ती तपासत आणि ती लिहिणाऱ्याच्या नावानिशी सर्वांना मिळे. व्यवसायबंधूंत नाव होणे हे मोठे प्रोत्साहन ठरले.

नियम तसाच ठेवून चूक दुरुस्त करणे आणि नियमच तपासून पाहणे, असा भेद संघटनांचे अभ्यासक ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ मध्ये केला. तो नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाच्या अपघातात लख्ख दिसतो. यानाच्या बाह्य इंधन टाकीवरून उष्णतारोधक फोमचे तुकडे निखळून यानावर आदळू नयेत, असे मूळ आराखड्यातच ठरलेले होते. तरी ते निखळत राहिले आणि यान सुखरूप परतत राहिले. दर वेळी नोंद झाली, यानाच्या उष्णतारोधक टाइल्स दुरुस्त झाल्या आणि धोक्याची बाब देखभालीच्या खात्यात जमा झाली. अशाच एका आघातामुळे १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतीच्या वाटेवर नष्ट होऊन ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या अपघाताआधीही ओ-रिंग (रॉकेटच्या सांध्यातून वायू गळू न देणारी रबरी कडी) झिजल्याच्या नोंदी हाती होत्या. कोलंबियाच्या चौकशी मंडळाने दोन्ही घटनांमधले साम्य स्पष्टपणे दाखवून दिले. माहितीची वानवा कधीच नव्हती.

चूक सांगणाऱ्याचे काय होते, यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग एका गोपनीय यंत्रणेला कळवतात. ती दंड करू शकणाऱ्या नियामकाकडे न ठेवता नासाकडे सोपवलेली आहे आणि अहवालातून नाव-गाव काढून टाकले जाते.